भाडेकरू काढायला बंदी आहे म्हणे, मग आमच्याच बोअरचं पाणी विकणाऱ्याला काय करायचं? (लातूर)

मांजराकाठ | २४ ऑगस्ट २०२०, रात्री ११.४०

मंडळी नमस्कार. मी पुण्यात असतो, ई-पास काढून महालक्ष्म्यांसाठी लातूरला आलोय. उद्या महालक्ष्म्या बसायच्यात आणि घरात स्वयंपाकाला पाणी नाही. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं ते लातूरकरांना नवीन नाही, पण आमचा स्वतःचा बोअर आहे, ५२० फूट, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा पण तो दिवसातून अर्धा तास का होईना चालायचा. आता तो खालच्या भाडेकरूच्या बापाचा झाल्यासारखा झालाय.

२०१८ च्या दिवाळीत खालच्या दोन खोल्या आणि बाजूचं पत्र्याचं शेड दिलं, भाडं ६५००, डिपॉझिट २० हजार. शंभरच्या बाँडवर ११ महिन्यांचा करार, राहण्यासाठी म्हणून, नोटरी केली आणि विसरलो. नंतर नवा करार कुणी केलाच नाही कारण माणूस गोड, आईला मावशी मावशी करायचा. २०१९ च्या उन्हाळ्यात म्हणला शेडमध्ये दोन टाक्या ठेवतो, मग आरओ आलं, मग चिलर, मग निळे जार. आता तिथं पाण्याचा प्लांट आहे आणि मोटार आमच्या मीटरवर.

एप्रिलपासून भाडं एक रुपया नाही. आई मागायला गेली की "मावशी सरकारनंच सांगितलंय, भाडं मागायचं नाही अन् काढायचं बी नाही". आणि हाच माणूस छोटा हत्तीच्या काचेला 'अत्यावश्यक सेवा' चिकटवून रोज सत्तर-ऐंशी जार टाकून येतो, अख्ख्या लॉकडाऊनमध्ये गल्लीत एकट्याचाच धंदा चालू होता. आरओचं वाया जाणारं पाणी दिवसभर नालीत पडतंय, नालीच्या कडेनं इतकं हिरवंगार गवत आलंय की शेजारच्यांची शेळी तिथंच असते. जूनमध्ये लाईटचं तीन महिन्यांचं बिल एकदम आलं, ११ हजार ४००. आईला वडिलांची पेन्शन नाही, हेच भाडं होतं.

धाकटा भाऊ म्हणतो स्टार्टरच्या पेटीला कुलूप घालू, दोन दिवसांत पळतो का नाही बघ. मी त्याला थांबवून ठेवलंय. कुणाला अनुभव?

नांदेडची_माई | २५ ऑगस्ट २०२०, सकाळी ६.५५

अरे बाळा आधी शेजारून दोन हंडे घे आणि महालक्ष्म्यांचं नीट कर, भाडेकरू कुठं पळून चाललाय, तो तर जायलाच तयार नाही. आईला म्हणावं जिवाला लावून घेऊ नका.

तुरीचं_वरण | २५ ऑगस्ट २०२०, सकाळी ९.१०

चार पोरं घेऊन जा आणि सामान रोडवर ठेवा, बाकी सगळं पुस्तकातलं. आमच्या आजोबांनी निजामाच्या काळातला वाडा भाड्यानं दिला होता, मग हैदराबादचा १९५४ चा भाडे कायदा लागू, रेंट कंट्रोलरकडं खेटे मारून मारून आजोबा गेले, केस वडिलांनी चालवली, भाडेकरूचा पण मुलगाच तारखेला यायचा, दोघं मिळून चहा प्यायचे. शेवटी माळवदच कोसळलं तेव्हा तो निघाला.

वकिलीची_पाटी | २५ ऑगस्ट २०२०, दुपारी १.३०

वरणसाहेब, तुमच्या सल्ल्यानं चार पोरं आत जातील आणि धागाकर्ते पाचवे. १९५४ चा कायदा आता नाही, ३१ मार्च २००० पासून सगळ्या राज्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे, मराठवाड्यालाही.

मांजराकाठ, तुम्ही "बंदी" म्हणताय त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात आणि तुमचा भाडेकरू तिन्ही आपल्या सोयीनं वापरायलाय. एक, २९ मार्चचा केंद्राचा आदेश, तो मजुरांसाठी होता, एक महिना भाडं मागू नका आणि मजुरांना, विद्यार्थ्यांना खोलीतून काढू नका. दुसरं, १७ एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानं सांगितलं की भाडेवसुली किमान तीन महिने पुढं ढकला आणि थकलं म्हणून घराबाहेर काढू नका. पुढं ढकला म्हणलंय, माफ करा असं कुठं नाही. तुमचे तीन महिने कधीच संपलेत. तिसरं खरं महत्त्वाचं, मुंबई हायकोर्टानं घर खाली करण्याचे, पाडापाडीचे जे हुकूम आधीच झालेत त्यांची बजावणी थांबवली, औरंगाबाद खंडपीठाच्या हद्दीतही ते लागू आहे आणि तारीख सारखी पुढं सरकायलीय. म्हणजे अडलंय काय तर दरखास्त (झालेला हुकूम अमलात आणायचा अर्ज), बेलिफ दारात येणं. नोटीस द्यायला कुणी अडवलेलं नाही, दावा लावायला नाही. कोर्टं कमी चालतात हे खरं, पण रांगेत नंबर तर लागू दे.

आता तुमची खरी अडचण. बाँड आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. ११ महिन्यांचा असला की रजिस्टर करायची गरज नाही असं अख्खा मराठवाडा मानतो आणि ते चूक आहे, याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह लायसन (ठराविक मुदतीची वापरायची परवानगी) असो की भाडेकरार, लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड ही तरतूद मालकासाठीच. लिव्ह लायसनचा करार रजिस्टर असता तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं गेला असता, तिथं समोरच्याला ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागावी लागते, नाही मागितली की आदेश, आणि बेकायदा राहिलेल्या काळाचं दुप्पट भाडं. आता तुम्हाला दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता.

आणि स्टार्टरला हात लावू नका. पाणी आणि लाईट तोडणं कलम २९ मध्ये येतं, मालकालाच शिक्षा होऊ शकते.

मांजराकाठ | २५ ऑगस्ट २०२०, रात्री १०.०५

साहेब खूप आभार. पण एक समजेना, पिण्याचं पाणी तोडू नये हे पटतं, पण हा तर विकायलाय. ते पण जीवनावश्यक? महावितरणला कळवलं तर?

(पाणी शेजारच्या काकूंनी दिलं. महालक्ष्म्या बसल्या.)

वकिलीची_पाटी | २५ ऑगस्ट २०२०, रात्री १०.५०

मीटर कुणाच्या नावावर? आईच्या ना. घरगुती मीटरवर धंदा चालला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते आणि ती ग्राहकावर होते, म्हणजे आईवर. आधी स्वतःचा पाय मोकळा करा मग तक्रार करा.

पाण्याचं म्हणाल तर घरच्या वापराचं पाणी चालू ठेवून प्लांटची लाईन वेगळी केली तर तुमच्या बाजूनं बोलायला जागा आहे. पण ते कोर्टाला विचारून, कुलपानं नाही.

वाळूजकर | २६ ऑगस्ट २०२०, सकाळी ७.२०

मी भाडेकरू आहे त्यामुळं माझं इथं कुणाला आवडणार नाही. बजाजनगरात एक रूम, ३२०० भाडं, पत्रे. मार्चचा पगार अर्धा आला, एप्रिलचा आलाच नाही, ठेकेदारानं फोन बंद करून ठेवला. मालकानं एप्रिलच्या १० तारखेला माझी गॅसची टाकी उचलून गॅलरीत ठेवली, म्हणला भाडं दे अन् टाकी घे. बायकोला सातवा महिना. गावी जायचं तर जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिस. १७ तारखेची ती बातमी कुणीतरी मोबाईलवर पाठवली, मी मालकाला दाखवली, तवा टाकी आत आली. ८ मेला करमाडजवळ रुळावर १६ माणसं गेली ना, जालन्याहून चालत निघालेली, त्यांच्यासारखीच आमच्या लाईनीतली अर्धी पोरं चालत गेली. त्यामुळं ती बंदी म्हणजे काय ते मला इचारा. मी सगळं भाडं जुलैपर्यंत फेडलं, हप्त्यानं.

तुमचा पाणीवाला चोर आहे हे मान्य. पण त्याच्यामुळं सगळ्या भाडेकरूंना एकाच काठीनं हाकू नका.

ट्युशनएरिया | २६ ऑगस्ट २०२०, सकाळी ११.००

वाळूजकर भाऊ तुमचं खरं आहे पण आमच्याकडं पण बघा. लातूरला ट्युशन एरियात माझ्या १४ रूम, मार्चमध्ये पोरं गावाला गेली ती गेलीच, पुस्तकं गाद्या आत, कुलूप त्यांचं. भाडं मागितलं की पालक म्हणतात पोरगं राहतच नाही तर भाडं कशाचं. रूम दुसऱ्याला देऊ म्हणलं तर सामान आत. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला. आम्ही कुणाला दाखवायची बातमी?

वाळूजकर | २६ ऑगस्ट २०२०, सकाळी ११.२५

१४ रूमवाल्याचं दुःख माझ्या एका रूममध्ये मावणार नाही दादा.

बोअरवाला_मामा | २६ ऑगस्ट २०२०, दुपारी ४.४०

भांडू नका रे. मी तीस वर्षं मोटारी उतरवायलोय, कायदा मला कळत नाही पण बोअर कळतो. ५२० फुटाचा जुना बोअर रोज सहा-सात तास ओढला तर तो काय उन्हाळा काढत नाही, लिहून घ्या. झरा लहान असतो, पाणी खाली गेलं की मोटार कोरडी पळती अन् वाइंडिंग जळतं. एक जार भरायला आरओ जवळपास तेवढंच पाणी नालीत सोडतं, म्हणजे सत्तर-ऐंशी जार म्हणजे दीडशे जारचं पाणी उपसायलाय गडी. आधी एक सबमीटर बसवा प्लांटच्या लाईनवर, हजाराच्या आत काम होतं, अन् रोजचं रीडिंग फोटो काढून ठेवा. साहेबाला कोर्टात दाखवायला कामाला येईल. अन् मोटार किती एचपी आहे? दीडची असंल तर आताच वाईट वाटायलंय.

टेक्सासचा_देगलूरकर | ६ सप्टेंबर २०२०, सकाळी ८.१५

आमच्या इकडचं सांगतो, तुलना म्हणून. इथं डॅलसजवळ मी एक छोटं घर भाड्यानं दिलंय. परवा ४ तारखेपासून अख्ख्या अमेरिकेत भाडं थकलं म्हणून घराबाहेर काढायला बंदी आली, ती पण कुणी काढली तर रोगनियंत्रणवाल्या सीडीसीनं, कारण लोक रस्त्यावर आले की साथ पसरते. पण त्यात भाडेकरूला स्वतः सही करून शपथेवर लिहून द्यावं लागतं की माझं उत्पन्न गेलंय, मी शक्य तेवढं भाडं देतोय, एकट्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न ९९ हजार डॉलरपेक्षा कमी पाहिजे. खोटं लिहिलं तर गुन्हा. आणि ही बंदी फक्त पैसे थकल्याच्या प्रकरणाला, घराची नासधूस केली, शेजाऱ्यांना धोका झाला, गुन्हा केला तर काढता येतं. लातूरच्या पाणीवाल्याला अशी सही करायला लावली असती तर छोटा हत्तीचा हिशोब पण निघाला असता. आमच्याकडं सहीशिवाय काही नाही आणि तिकडं मावशी म्हणलं की झालं.

वकिलीची_पाटी | ६ सप्टेंबर २०२०, रात्री ९.००

हा मुद्दा चांगला आणलात. आपल्या कायद्यात पण फरक आहेच. नुसतं भाडं थकलं म्हणून दावा लावला तर आधी ९० दिवसांची नोटीस, आणि समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत त्यानं सगळी थकबाकी १५ टक्के व्याजानं कोर्टात भरली की घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. तुमचा माणूस पैसेवाला आहे, शेवटच्या दिवशी भरेल आणि हसत बसेल. म्हणून मी म्हणतो दावा एका पायावर उभा करू नका. कलम १६ मध्ये बघा, राहायला दिलेल्या जागेत प्लांट टाकला, शेजाऱ्यांना त्रास, आणि आईला जागेची खरी गरज, हे सगळं त्यात बसतं. नालीचे फोटो काढा. शेळीचा पण काढा हवं तर.

मांजराकाठ | १९ ऑक्टोबर २०२०, रात्री १२.२०

अपडेट. चांगलं नाही.

नोटीस ५ सप्टेंबरला रजिस्टर पोस्टानं पाठवली होती, पोस्टमन खाली जाऊन आला आणि पाकीट "घेण्यास नकार" लिहून परत. मी पुण्याला. इकडं धाकट्यानं परवा रात्री स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलंच. सकाळी पाणीवाला आरडाओरडा करत वर आला, आईसमोर शिव्या, धाकट्यानं कॉलर धरली. मग ठाण्यात. तिथं आम्ही म्हणलं भाडं देत नाही, तर म्हणे हे दिवाणी आहे, कोर्टात जा. त्यानं म्हणलं पाणी तोडलं, लेकरं तहानलेली आहेत, तर ते मात्र लगेच लिहून घेतलं. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) झाली आणि धाकट्यानं लेखी दिलं की परत असं करणार नाही. कुलूप काढलं. खाली जाऊन स्वतः काढायला लावलं त्याला, सगळी गल्ली बघायली होती. आई दोन दिवस जेवली नाही.

नांदेडची_माई | १९ ऑक्टोबर २०२०, सकाळी ७.०५

धाकट्याला रागावू नको. तू पुण्यात बसून शहाणपण करायलास, रोज तोंड त्याला बघावं लागतं.

वकिलीची_पाटी | १९ ऑक्टोबर २०२०, दुपारी २.१५

नकार लिहून आलेलं पाकीट फोडू नका, तसंच जपून ठेवा, बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस घ्यायला नकार म्हणजे नोटीस मिळाली असंच धरतात. नकाराच्या तारखेपासून ९० दिवस मोजा. कुलपाचं प्रकरण तो कैफियतीत (दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात) वापरणार, तयारी ठेवा.

मांजराकाठ | ११ फेब्रुवारी २०२१, रात्री १०.३०

जानेवारीत दावा लावला. वकालतनामा, कोर्ट फी, झेरॉक्स, सगळं मिळून चार महिन्यांचं भाडं गेलं. सबमीटर मामांनी सांगितल्याप्रमाणं बसवलाय, महिन्याचे ३१० युनिट एकट्या प्लांटचे. तो म्हणतो करार धंद्यासाठीच होता आणि पाणी भाड्यातच धरलेलं. बघा, साहेब म्हणले होते तसंच. पुढची तारीख एप्रिल. हायकोर्टाची स्थगिती जानेवारीअखेर संपली म्हणतात, जीवात जीव आला.

ट्युशनएरिया | २० एप्रिल २०२१, सायंकाळी ६.००

संपली होती, आली परत. दुसऱ्या लाटेत हायकोर्टानं १६ तारखेला स्वतःहून पुन्हा सगळं थांबवलं. तुमची तारीख झाली का?

मांजराकाठ | २० एप्रिल २०२१, रात्री ९.४५

कसली तारीख, फक्त अर्जंट मॅटर घ्यायलेत. आईला पॉझिटिव्ह निघालं होतं, घरीच बरी झाली. आणि आता ऐका, त्या दिवसांत खालून रोज एक जार वर यायचा, दारात ठेवून जायचा, पैसे नाही. आमच्याच बोअरचं पाणी. आई म्हणली गार होतं रे.

बोअरवाला_मामा | २१ एप्रिल २०२१, सकाळी ८.००

आईला जपा. मोटारीचा आवाज कसा येतोय ते सांगा. घरघर येत असंल तर हवा ओढायलीय.

मांजराकाठ | ३० मे २०२१, रात्री ११.१५

मामा, तुमच्या तोंडात साखर घालू का काय घालू. १८ मेला बोअर आटला. आधी फेस यायला लागला, मग तास-दीड तासानं जरासं पाणी, मग मोटार जळाली. त्यानं दोन दिवस टँकर आणून प्लांट चालवला, टँकरचा भाव उन्हाळ्यात काय असतो ते माहितीये तुम्हाला, परवडेना. २७ च्या रात्री छोटा हत्तीच्या तीन खेपा झाल्या, आई वरून बघायली होती. सकाळी किल्ली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवलेली. भाडं, बिल, सगळं बुडवून गेला. शेडमध्ये ४२ जार, एक गंजकी टाकी. धाकट्यानं लगेच आपलं कुलूप घातलं.

१४ महिन्यांचं भाडं गेलं, ९१ हजार, डिपॉझिट वळतं केलं तर ७१. नवा बोअर घ्यायचा तर मामा म्हणतील तेवढे.

वकिलीची_पाटी | ३० मे २०२१, रात्री ११.४०

थांबा थांबा. कुलूप घातलं म्हणून खूष होऊ नका. ताबा पावती घेतली का? सामान आत आहे, दावा चालू आहे, उद्या तो म्हणाला मी गावी गेलो होतो आणि यांनी कुलूप तोडून मला बाहेर काढलं, तर सहा महिन्यांत ताबा परत मागायचा दावा लावू शकतो, तिथं मालक कोण हे सुद्धा बघत नाहीत. आणि तुमच्या धाकट्याचा लेखी कागद ठाण्यात आहेच. आजच्या आज सामानाचे तारखेसह फोटो, दुकानदाराकडून किल्लीचं लिहून घ्या, दोन शेजारी साक्षीदार. जार अडवून ठेवू नका, न्यायला बोलवा. आणि देताना कागद पुढं ठेवा.

बोअरवाला_मामा | ३१ मे २०२१, सकाळी ६.३०

नवा बोअर आताच घेऊ नका. पाऊस होऊ द्या, जुन्यात पाणी वर येतंय का बघू. मोटार मी काढून देतो, पैसे नंतर.

मांजराकाठ | १३ जून २०२१, दुपारी ३.५०

काल आला. जार पाहिजे होते, एक जार दीड-दोनशेचा, ४२ म्हणजे आकडा होतोच. मी साहेबांनी सांगितलेला कागद आईजवळ देऊन ठेवला होता: जागेचा ताबा राजीखुशीनं सोडला, सामान मिळालं, कसलाही हक्क राहिला नाही. आईनं त्याला चहा दिला. चहा दिला! मग कागद आणि पेन. तो वाचत बसला, म्हणला मावशी थकबाकीचं यात काही नाही ना. आई म्हणली नाही, तू सही कर. केली. काकूंची आणि दुकानदाराची साक्ष. पुढच्या तारखेला पुरसीस (कोर्टाला लेखी निवेदन) देऊन दावा काढून घ्यायचा असं आमचे वकील म्हणतात, थकबाकीसाठी वेगळं भांडायचं का ते मी आईवर सोडलंय आणि आई त्यावर बोलेना.

जार त्यानं ४० नेले. दोन आईनं ठेवून घेतले, नळ आला की भरायला.

वाळूजकर | १३ जून २०२१, रात्री ८.१०

पुढचा भाडेकरू पाहिजे असला तर सांगा. वाळूजची कंपनी बंद झाली, लातूरच्या एमआयडीसीत काम मिळालंय. करार रजिस्टर करू, हजार रुपये फी मी भरतो.

मांजराकाठ | १३ जून २०२१, रात्री ८.२५

आईला विचारून सांगतो. पाण्याचं मात्र आधीच बोलून घेऊ.